मुलीला कुस्ती शिकवायची आहे. खर्च किती येतो आणि कुठे कुठे येतो?

चैत्रपालवी

नमस्कार मंडळी. मुलगी अकरा वर्षांची आहे, सहावीत. दोन वर्षांपासून सोसायटीतल्या कराटेच्या वर्गाला जाते. यंदा गावच्या जत्रेत (सातारा जिल्हा) मैदानात मुलींच्याही कुस्त्या लागल्या होत्या. त्या बघितल्यापासून तिने ध्यास घेतलाय की मला हेच करायचंय. आम्ही दोन-तीन महिने थांबून बघितलं, वेड उतरेल म्हणून. उतरलं नाही, उलट घरातल्या गादीवर धाकट्या भावाला एकेरी पट काढणं (एक पाय धरून पाडायचा डाव) चालू आहे.

घरात कुणाचाच विरोध नाही. सासरे तरुणपणी गावच्या तालमीत जात असत, त्यांना तर फार आनंद झालाय. पण त्यांचं पहिलं वाक्य होतं, "पैलवान करायचा तर दारात म्हैस पाहिजे." आम्ही पुण्यात दोन खोल्यांत राहतो, दोघांच्या नोकऱ्या मध्यम पगाराच्या, घराचा हप्ता चालू आहे. पोरीला आशेला लावून चार वर्षांनी पैशापायी थांबवायचं, असं मला होऊ द्यायचं नाही. म्हणून आधीच नीट समजून घेते आहे.

तुलनेसाठी कराटेचा आमचा हिशोब देते. फी महिना ८००, म्हणजे वर्षाचे ९,६००. बेल्टच्या परीक्षा वर्षात तीन, प्रत्येकी १,२००. दोन स्पर्धांची प्रवेश फी मिळून १,६००. ड्रेस १,२००, ग्लोव्हज आणि पायाचे पॅड २,५००. सगळे मिळून वर्षाला साडेअठरा हजार. कुस्तीचा असा हिशोब कुणी मांडून देईल का? ज्यांच्या घरात पैलवान आहे त्यांनी तर नक्की लिहा.

धोंडेवाडीकर

ताई, तालमीची फी विचारू नका, खुराकाचं विचारा. फी नावालाच असते. जुन्या तालमीत आजही महिन्याला शे-दोनशे रुपये वर्गणी घेतात, काही ठिकाणी तीही नाही. सगळा पैसा स्वयंपाकघरात जातो.

तांबडी_माती

माझा थोरला भाऊ कोल्हापुरात तालमीत राहून कुस्ती करायचा. आठवीनंतर गेला तो पंचविशीपर्यंत. घरचा जमाखर्च वडील वहीत लिहायचे आणि ती वही मी बघत आलोय, त्यामुळे या विषयावर थोडं सविस्तर लिहितो.

कोल्हापूरच्या तालमीत पोरगं ठेवलं की राहायचे पैसे फारसे लागत नाहीत. मोठ्या हॉलमध्ये दहा-पंधरा पोरं, प्रत्येकाची ट्रंक, प्रत्येकाचा स्टोव्ह नाहीतर चार-पाच जणांत एक शेगडी. पहाटे चारला उठून जोर-बैठका, मग हौद्यात (मातीच्या आखाड्यात) लढत, परत संध्याकाळी मेहनत. मधल्या वेळेत पोरं स्वतःच रांधतात. हौद्यातली मातीसुद्धा फुकटची नसते, बरं का. तांबडी माती चाळून आणायची, तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर घालायचा. सणावाराला हा खर्च सगळे मिळून करतात.

आता खुराक. भाऊ ऐन भरात असताना, म्हणजे अठरा-एकोणिसाव्या वर्षी, जे खात होता ते आजच्या भावाने लावून दाखवतो. म्हशीचं दूध रोज तीन लिटर, ७५ रुपयांनी महिन्याचे ६,७५०. बदाम रोज शंभर ग्रॅम, म्हणजे तीन किलो, २,७००. तूप तीन किलो, २,२५०. अंडी रोज दहा, २,१००. आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा किलो मटण, महिन्याचे ३,२००. थंडाईचं सामान (खसखस, बडीशेप, मिरी, वेलदोडे), खारीक आणि फळं मिळून २,०००. झाले १९,०००. यात भाकरी-भात-भाजी धरलेली नाही. बिनखुराकाची मेहनत केली तर अंग उतरतं, दुखापती होतात, म्हणून पैसे नसले की खुराकाबरोबर मेहनतही कमी करावी लागते. कितीतरी चांगली पोरं इथंच मागे पडली, डावात कमी होती म्हणून नव्हे.

आमच्याकडे दोन म्हशी होत्या, त्यातल्या एकीचं दूध भावासाठी राखून ठेवलेलं. एसटीच्या कंडक्टरकडे किटली द्यायची आणि ती दुपारपर्यंत कोल्हापुरात पोहोचायची. तेव्हा दुधाचे पैसे दिसायचे नाहीत, पण डेअरीला न गेलेलं दूध हाही खर्चच की. वडील वहीत तेही लिहायचे. बहिणीचं शिक्षण बारावीला थांबलं ते याच वर्षांत. हे कुणी उघड बोलत नाही, पण घरातल्या एकाचा खुराक बाकीच्यांच्या ताटातून आणि फीमधून येतो. ताई, तुमचा धाकटा मुलगा आहे म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

मिळकतीचंही सांगतो. पोरं लहान असताना जत्रेत रेवड्यांवर, नारळावर कुस्त्या होतात. मग शंभराच्या, पाचशेच्या, पुढे हजारांच्या. भाऊ दिवाळीपासून ज्येष्ठापर्यंत मैदानं मारायचा आणि त्यातून वर्षातल्या तीन-चार महिन्यांचा खुराक निघायचा. पाऊस लागला की जत्रा संपल्या आणि मिळकतही संपली. खुराक मात्र बाराही महिने.

पूर्वी हा भार एकट्या घरावर नसायचा. शाहू महाराजांनी मल्लांना संस्थानात आसरा दिला, १९१२ मध्ये खासबागचं मैदान उभं केलं. राजाश्रय गेला तेव्हा साखर कारखाने पुढे आले. कोल्हापूर जिल्ह्यात काही कारखाने आजही मानधनधारक मल्लांच्या स्पर्धा घेतात आणि जिंकणाऱ्याला वर्षभर मानधन देतात. माझ्या भावाला एक वर्ष मिळालं होतं. त्या वर्षाची वही बघितली की वडिलांचं अक्षरसुद्धा सुटसुटीत वाटतं.

आणि खाशाबा जाधवांचं तर सगळ्यांना माहीतच आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, बाकीचे लोकवर्गणीतून आले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्या पैशांतून आलंय. कुस्ती एकट्याच्या कमाईवर कधीच चाललेली नाही.

पोषणवाली

तांबडी_माती, तुमचा प्रतिसाद वाचून गहिवरून आलं. मी आहारतज्ज्ञ आहे, काही वर्षं खेळाडूंसोबतच काम करते आहे. त्यामुळे चैत्रपालवीताई, घाबरू नका, एवढं आधी सांगते. १९,००० चा खुराक अकरा वर्षांच्या मुलीला लागत नाही आणि देऊही नये.

खेळाडूला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.२ ते २ ग्रॅम प्रथिनं पुरतात. तुमची लेक ३८ किलोची धरली तर ४५ ते ७५ ग्रॅम. अर्धा लिटर दुधातून सतरा-अठरा ग्रॅम, तीन अंड्यांतून अठरा, मूठ-दीड मूठ शेंगदाण्यांतून बारा. उरलेली वरण, उसळ, भाकरीतून आपोआप येतात. दूध ३८ रुपये, अंडी २१, शेंगदाणे-भिजवलेले हरभरे-केळी मिळून ३०. दिवसाला ९० रुपये, महिन्याला २,७००. यातलं निम्मं तुमच्या घरी आजही येत असणार. बदामाने अपाय नाही, पण बदामाचं बरंच काम शेंगदाणा खूप कमी पैशात करतो. नाचणी, तीळ, गूळ, हिरव्या पालेभाज्या यांकडे मुलींच्या बाबतीत जास्त लक्ष द्या. पाळी सुरू झाली की लोहाची कमतरता पटकन येते, वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासा. तो खर्च टाळू नका.

दोन गोष्टींवर एक रुपयाही घालू नका. पहिली म्हणजे डब्यातली पावडर. वस्तादांनी सांगितली, जिममधल्या दादाने सांगितली, तरी नको. भेसळीच्या पावडरीतून बंदी असलेली द्रव्यं पोटात जातात आणि उत्तेजक चाचणीत खेळाडूच दोषी ठरतो. दुसरी म्हणजे वजन तोडणं. लहान मुलांना खालच्या वजनगटात बसवण्यासाठी उपाशी ठेवतात, पाणी तोडतात, जाड कपडे घालून पळवतात. २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाट १०० ग्रॅमसाठी अंतिम फेरीतून बाद झाली, ते सगळ्या देशाने पाहिलं. ती तरी जाणती खेळाडू, सोबत सगळा ताफा. वाढत्या वयातल्या मुलीच्या हाडांवर आणि पाळीवर याचा परिणाम होतो. जिथे लहान मुलींचं वजन तोडतात तिथे कितीही स्वस्तात शिकवत असले तरी पाठवू नका.

तांबडी_माती

पोषणवालीताईंचं लहान मुलांबद्दलचं म्हणणं शंभर टक्के मान्य. फक्त एक जोडतो. मातीत खुल्या गटात लढणारा नव्वद-शंभर किलोचा पैलवान दिवसाला हजार-दीड हजार बैठका मारतो, त्याला नुसती प्रथिनं मोजून चालत नाही, जाळायला इंधनही तेवढंच लागतं. तूप आणि दूध त्यासाठी. पण ५० किंवा ५३ किलोत लढणाऱ्या मुलीचं गणित वेगळंच आहे हे खरं. तिला वजन वाढवायचं नसतं, राखायचं असतं.

ज्युदोका

मी ज्युदोचा, म्हणून कराटेबद्दल चार शब्द. तुमच्या वर्गाची फी कमी आहे कारण वर्गाचा गाडा परीक्षांवर चालतो. यात गैर काही नाही, सरांनाही घर चालवायचं असतं. पण पालकांनी सुरुवातीलाच विचारायला हवं की ब्लॅक बेल्टपर्यंत एकूण किती परीक्षा, प्रत्येकीची फी किती, ती पुढे वाढते का, आणि प्रमाणपत्र कुठल्या संघटनेचं. वरच्या बेल्टच्या परीक्षा बऱ्याच महाग होत जातात. शासकीय शालेय स्पर्धांत खेळायचं असेल तर संघटनेची मान्यता महत्त्वाची ठरते.

रंगीत पट्ट्यांची ही मोठी शिडी जपानमधून जशीच्या तशी आलेली नाही. १९३० च्या दशकात पॅरिसमध्ये ज्युदो शिकवणाऱ्या कावाइशी यांनी ती रुजवली. शिकणाऱ्याला आपण पुढे चाललोय हे दिसावं हा हेतू होता, आणि मुलांना त्याचा खरोखर उपयोग होतो. कुस्तीत ही शिडी नाही. तिथे कुणाला चीतपट केलंस एवढंच विचारतात, त्यामुळे परीक्षा फीचा खर्च शून्य, पण महिनोन्महिने काहीच हाती लागलं नाही असं मुलाला वाटू शकतं. तो काळ घरच्यांनी सांभाळून न्यावा लागतो.

कराटेची दोन वर्षं वाया गेली असं समजू नका. तोल, चपळाई, पडून उठायची सवय हे सगळं तिच्या कामी येईल.

सांगलीकरीण

चैत्रपालवी, माझी मुलगी सतरा वर्षांखालच्या गटात राज्य स्तरावर खेळते. मुलींच्या कुस्तीचे काही खर्च वेगळे असतात, ते लिहिते.

पहिला म्हणजे जागेचा. बहुतेक जुन्या तालमी मुलग्यांच्या. तिथे मुलींना प्रवेश नाही, किंवा असला तरी कपडे बदलायला जागा नाही, स्वच्छतागृह नाही. म्हणून मुलींना मॅटचं केंद्र शोधावं लागतं आणि ते घराजवळ नसतं. आमचं पहिली तीन वर्षं रोज जाऊन-येऊन होतं. पेट्रोल आणि वेळ दोन्ही गेलं. संध्याकाळच्या सरावाला आणि रात्रीच्या परतीला सोबत मोठं माणूस हवं. माझ्या नवऱ्याने पाळी बदलून घेतली, त्यात रात्रपाळीचा भत्ता गेला. हा खर्च कुणाच्या यादीत येत नाही, पण आमच्या घरात सगळ्यात मोठा तोच होता.

आता ती निवासी केंद्रात आहे. राहणं, जेवण, प्रशिक्षण मिळून महिना १२,०००. वरून खुराकाचे चार-पाच हजार. कुस्तीचे बूट वर्षाला दोन जोड, साडेतीन हजारांचा एक. कॉस्च्युम लाल आणि निळा असे दोन्ही लागतात, हजार-हजाराचे. जिल्हा निवड चाचणी, तिथून राज्य, तिथून राष्ट्रीय. निवड झाल्यावर प्रवासाची काही सोय होते, पण निवड होण्याआधीच्या सगळ्या फेऱ्या स्वतःच्या. मुलगी म्हटल्यावर बरोबर आई किंवा बाबा जातातच, म्हणजे तिकिटं दोन आणि लॉजची खोलीही.

दुखापतीचं मात्र आधीच डोक्यात ठेवा. मुलीच्या गुडघ्याचा लिगामेंट गेला, शस्त्रक्रिया झाली, दोन लाखांच्या आसपास खर्च. विम्याने बराचसा दिला. त्यानंतरचे फिजिओथेरपीचे महिने मात्र खिशातून, एका वेळेचे ५०० रुपये. ती जवळपास वर्षभर मॅटवर उतरू शकली नाही, आणि त्या वर्षात निवासी केंद्राची जागा टिकवायला निम्मे पैसे भरत होतो. घरचा आरोग्य विमा असेल तर त्यातलं कलम वाचून घ्या. व्यावसायिक म्हणून धोकादायक किंवा साहसी खेळ खेळताना झालेली इजा पॉलिसीतून वगळलेली असते. शिकणाऱ्या मुलीला ते लागू होतं का, हे कंपनीकडून लेखी विचारून ठेवा. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

आणि एवढं सगळं असूनही सांगते, आम्ही हे परत करू. २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि आमच्या सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा उचलली. माझी लेक तिथे प्रेक्षकांत होती. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून चालू आहे, मुलींना तिथवर यायला साठ वर्षांहून जास्त लागली. आता दार उघडलंय, तर पैशासाठी मागे फिरायचं नाही असं आम्ही ठरवलंय.

चैत्रपालवी

सांगलीकरीण, वाचताना डोळे भरून आले. रात्रपाळीच्या भत्त्याचं कुणीच बोललं नसतं. एक विचारू? मुलगी कुठल्या वयात निवासी केंद्रात गेली? त्याआधी आठवड्यातून किती दिवस सराव होता?

सांगलीकरीण

दहावीनंतर. त्याआधी आठवड्यातून पाच दिवस, संध्याकाळचाच. परीक्षेच्या काळात तीन दिवस. लहान वयात बाहेर ठेवायला मी तयार नव्हते, आणि आमच्या प्रशिक्षकांनीही घाई केली नाही. खर्चाची मोठी उडी त्याच वयात येते, दहावीच्या आसपास. तोवर तुम्ही वर्षाला थोडे थोडे बाजूला टाकत गेलात तर ती उडी झेपते.

क्रीडाकोटा

मदत कुठून मिळते ते लिहितो. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत चाचण्या घेऊन लहान वयातच मुलं निवडतात, तिथे राहणं-खाणं-शिकवणं शासन करतं. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेत निवड झाली तर प्रशिक्षणाच्या खर्चाखेरीज खेळाडूला महिना १०,००० रुपये खिशातला भत्ता मिळतो. राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांवर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, आणि शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. बीडच्या पाटोद्याचा राहुल आवारे राष्ट्रकुल सुवर्ण आणि जागतिक कांस्य मिळवून पोलीस उपअधीक्षक झाला. मुलग्यांसाठी बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीची बॉईज स्पोर्ट्स कंपनी आहे, तिथून कितीतरी मल्ल सैन्यात गेले.

पण प्रबोधिनीत निवडलेली मोजकी मुलं सोडली तर यातलं काहीही पहिल्या चार-पाच वर्षांत हाती येत नाही. मदत पदक मिळाल्यावर येते आणि पदकापर्यंतचा रस्ता घरच्या पैशावर चालावा लागतो. हा या व्यवस्थेतला सगळ्यात मोठा दोष आहे असं माझं ठाम मत आहे. अकरा-बारा वर्षांच्या मुलांना रोज अर्धा लिटर दूध आणि तीन अंडी तालमीतच मिळाली, तर किती पोरं टिकतील! ग्रामपंचायतींनी, दूध संघांनी हे मनावर घ्यावं. जत्रेच्या एका मोठ्या कुस्तीच्या इनामात गावातल्या पंचवीस मुलांचा काही महिन्यांचा खुराक निघेल. एवढं एक जरी झालं तरी पुष्कळ.

सर्टिफिकेटं मात्र पहिल्या दिवसापासून जपून ठेवा. क्रीडा कार्यालयातून पडताळणी करून घ्यावी लागते, तेव्हा जुना कागद सापडला नाही तर सगळं अडतं.

न्यूजर्सीकर

इकडचा, अमेरिकेतला अनुभव थोडक्यात. माझी पुतणी शाळेच्या संघातून कुस्ती खेळते. मॅट, कॉस्च्युम, बस, प्रशिक्षक सगळं शाळेचं, आम्ही बूट आणि कानाचं कवच घेतलं. हायस्कूलच्या लढतींत ते कवच घालावंच लागतं. आपल्याकडे मोडलेला कान ही पैलवानाची खूण मानतात, ते मानणाऱ्यांचा आदर आहे. पण सरावात कवच घालायला काय हरकत? हजार-दोन हजारात येतं आणि मुलीच्या कानात रक्त साकळून पुढे होणारी दुखणी वाचतात.

धोंडेवाडीकर

कवचाला +१. आमच्या गावातली दोन-तीन पोरं हल्ली घालतात, सुरुवातीला बाकीची हसायची, आता मागून घेतात.

चैत्रपालवी

सगळ्यांचे मनापासून आभार. सासऱ्यांना हा धागा वाचून दाखवला. तांबडी_माती यांची दुधाच्या किटलीची गोष्ट ऐकून ते बराच वेळ त्यांच्या तालमीबद्दल बोलत होते.

आमचा हिशोब असा बसतोय. पहिली तीन-चार वर्षं पुण्यातच, संध्याकाळचा सराव. कात्रजच्या बाजूला मोठी कुस्ती संकुलं आहेत, तिथे मुलींच्या वेळा आणि महिला प्रशिक्षक आहेत का हे आधी बघणार. फी, जाणं-येणं आणि जास्तीचा आहार मिळून महिना ६,००० धरले आहेत. त्याशिवाय दरमहा ३,००० वेगळे, दहावीनंतरच्या उडीसाठी. विमा कंपनीला काल ईमेल केला. कराटे या वर्षीपुरतं चालू ठेवतोय, पुढच्या बेल्टची परीक्षा द्यायची की नाही हे तीच ठरवेल. धाकट्याच्या चित्रकलेच्या वर्गाला हात लावायचा नाही, हे आम्ही दोघांनी लिहूनच ठेवलं.

शेवटचा प्रश्न. बूट लगेच घ्यायचे का? पाय वर्षाला एक नंबर वाढतोय.

सांगलीकरीण

पहिले दोन-तीन महिने नको. प्रशिक्षक बहुतेक आधी अनवाणी कोलांट्या, ब्रिज (डोकं आणि पाय टेकून अंगाची कमान), पडण्याचा सराव घेतात. नंतर घ्याल तेव्हा घट्ट बसणारेच घ्या, वाढत्या अंगाचे म्हणून मोठे घेतले तर घोटा मुरगळतो. नवे घेण्याआधी केंद्रातल्या मोठ्या मुलींना विचारा. त्यांचे लहान झालेले चांगले जोड निम्म्या किमतीत मिळतात. माझ्या मुलीचे चार नंबरचे पडून आहेत, तळ शाबूत आहे. हवे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पुण्याला येणाऱ्या कुणाबरोबर पाठवते. पैसे नकोत.

चैत्रपालवी

व्यनि केला आहे. तिला चार नंबरच लागतो.